पेनड्राइव्हवरचे फुकट चॅनेल आणि ९,९९९ चा टीव्ही: त्या फॉरवर्डला उत्तर

"सावधान! स्मार्ट टीव्ही घेण्याआधी हे वाचा" असा मथळा असलेला एक लांबलचक मेसेज सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. बायकांच्या भिशीच्या ग्रुपवरून तो माझ्या आत्यापर्यंत पोहोचला आणि भिशी लागली की त्यात सांगितलाय तसाच टीव्ही घ्यायचा, असं तिने ठरवूनही टाकलं. म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःला "टीव्ही लाइनमधला माणूस" म्हटलंय. त्या लाइनमध्ये खरंच काम करणारा माणूस यातलं निम्मंसुद्धा लिहिणार नाही.

मेसेजचं सार असं. ब्रँडेड आणि लोकल टीव्हीत पॅनेल एकच असतं, तेव्हा थेट फॅक्टरीतून येणारा ४३ इंची ४के अँड्रॉइड टीव्ही ९,९९९ रुपयांना घ्या. डिशचं रिचार्ज बंद करा आणि पेनड्राइव्हवरून एक ॲप टाका, सगळे चॅनेल आयुष्यभर फुकट. टीव्ही कोल्हापूरहून आणा, कर्नाटकात टॅक्स जास्त आहे. स्टॅबिलायझर लावलाच पाहिजे, नाहीतर वॉरंटी जाते. स्क्रीन दर आठवड्याला काच पुसायचं लिक्विड फवारून कागदाने पुसा. टीव्हीत छुपा कॅमेरा असतो, त्यावर चिकटपट्टी लावा. आणि मोठ्या टीव्हीने मुलांचे डोळे जातात. वर ४३ इंची घ्या म्हणणारा माणूस खाली मोठ्या टीव्हीची भीती घालतो, हेही वाचताना कुणाच्या लक्षात येऊ नये?

पेनड्राइव्हचा मुद्दा आधी घेतो. बाकीच्या चुकांनी पैसे जातील, या चुकीने अख्खं घर उघडं पडतं.

"पेनड्राइव्हवरून ॲप टाका, सगळं फुकट"

मेसेजमध्ये रीतसर पायऱ्या दिल्या आहेत: सेटिंग्जमध्ये 'अननोन सोर्सेस' चालू करा, प्ले प्रोटेक्ट बंद करा, पेनड्राइव्हवरची फाइल इन्स्टॉल करा, आणि ॲप जे जे विचारेल त्याला 'अलाउ' म्हणा. या चार पायऱ्यांचा अर्थ एकेक करून बघा. पहिलीने प्ले स्टोअरच्या बाहेरची, कुणीही न तपासलेली फाइल आत यायला वाट मिळते. दुसरीने त्या फाइलची झडती घेणारा पहारेकरी आपण स्वतः घालवतो. तिसरीने फाइल आत येते. चौथी सगळ्यात वाईट. त्या परवानग्यांमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' असली, तर स्क्रीनवर काय दिसतंय, रिमोटने कोणता पासवर्ड टाकला जातोय, हे सगळं त्या ॲपला वाचता येतं. आणि बहुतेक घरांत टीव्हीवर जे गुगल खातं टाकलेलं असतं तेच फोनवर असतं. मेल, फोटो, कॉन्टॅक्ट सगळं त्याच खात्यात.

यात माझं मत बाजूला ठेवा. अमेरिकेच्या एफबीआयने ५ जून २०२५ रोजी जाहीर इशारा दिला, तो 'बॅडबॉक्स २.०' नावाच्या जाळ्याबद्दल होता. अँड्रॉइडवर चालणारे स्वस्त टीव्ही बॉक्स, प्रोजेक्टर, डिजिटल फोटो फ्रेम अशा वस्तूंमध्ये एक तर कारखान्यातून निघतानाच व्हायरस भरलेला असतो, नाहीतर पहिल्यांदा चालू करताना जी ॲप टाकायला लावतात त्यांतून तो शिरतो. संशय कशावरून घ्यायचा, तेही त्यात दिलंय: प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगणारं उपकरण, 'अनलॉक' किंवा 'फुकट सगळं दिसतं' म्हणून विकलं जाणारं उपकरण, नाव न ऐकलेला ब्रँड, आणि प्ले प्रोटेक्टचं प्रमाणपत्र नसलेलं अँड्रॉइड. आपला फॉरवर्ड पुन्हा वाचा. चारही खुणा एकाच मेसेजमध्ये सापडतात! पुढच्याच महिन्यात गुगलने हे जाळं चालवणाऱ्यांवर न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला. त्यात म्हटलंय की अशी १ कोटीहून जास्त उपकरणं या जाळ्यात सापडली, आणि ती गुगलचं प्रमाणपत्र नसलेल्या, उघड्या (म्हणजे ओपन सोर्स, कुणालाही घेऊन वापरता येणाऱ्या) अँड्रॉइडवर चालणारी होती.

कुणी म्हणेल, तो इशारा बॉक्सचा आहे, टीव्हीचा नाही. इशाऱ्यात भर बॉक्सवर आहे हे खरं. पण बिननावाच्या टीव्हीच्या पाठीमागे जो बोर्ड बसवतात त्यात तसलाच स्वस्त प्रोसेसर आणि तेच उघडं अँड्रॉइड असतं. वेगळा बॉक्स घेतला काय आणि आत बसवून घेतला काय, धोका तोच.

व्हायरस शिरल्यावर टीव्ही बंद पडत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. तुमच्या घरचं इंटरनेट दुसऱ्याला भाड्याने दिलं जातं. कुठला तरी भामटा तुमच्या कनेक्शनवरून जाहिरातींवर खोटे क्लिक मारतो, चोरलेल्या पासवर्डने लॉगिन करून बघतो. बाहेरून बघणाऱ्याला ते सगळं तुमच्या घरातून झालेलं दिसतं, आणि फायबरचं बिल तुमच्या नावावर असतं. घरात दिसणारी लक्षणं एवढीच: नेट उगाच संथ होतं, टीव्ही स्टँडबायवर असताना राउटरचा दिवा सारखा लुकलुकतो, न टाकलेली ॲप दिसायला लागतात.

ज्यांनी हे आधीच करून ठेवलंय त्यांच्यासाठी. टीव्ही प्रमाणपत्रवाला असेल आणि फक्त ॲप बाहेरून टाकलं असेल, तर फॅक्टरी रिसेट करा, 'अननोन सोर्सेस' आणि डेव्हलपर ऑप्शनमधलं 'यूएसबी डिबगिंग' बंद आहे का बघा, फोनवरून गुगलचा पासवर्ड बदला आणि खात्याच्या सिक्युरिटी पानावर 'युअर डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी दिसेल ते काढून टाका. टीव्ही बिननावाचा असेल तर रिसेटवर भरवसा ठेवू नका, कारण व्हायरस मूळ सॉफ्टवेअरमध्येच असला तर रिसेटनंतरही तो तिथेच राहतो. मग टीव्हीचं वायफाय तोडा. नेटवर्कमध्ये जाऊन 'फरगेट' करा, राउटरचा पासवर्ड बदला, आणि टीव्ही नुसता पडदा म्हणून वापरा. एचडीएमआयमध्ये सेटटॉप बॉक्स लावा, ओटीटी हवं असेल तर एखाद्या मोठ्या कंपनीची स्टिक. टीव्ही फेकायची गरज नाही.

आणि रिचार्ज परवडत नाही हीच अडचण असेल तर डीडी फ्री डिश आहे की. डिश आणि बॉक्सचा एकदाचा खर्च, महिन्याचं काही नाही. मराठी सह्याद्री दिसतं, कन्नड चंदनाही दिसतं. सगळे चॅनेल मिळत नाहीत, पण जे मिळतं ते कायदेशीर आहे.

"पॅनेल एकच असतं, ब्रँडचे पैसे कशाला?"

यात अर्धं खरं आहे, ते नाकारत नाही. जगात टीव्हीचं पॅनेल बनवणारे कारखाने मोजकेच आहेत. बीओई, सीएसओटी, एचकेसी, इनोलक्स, एयूओ अशी थोडी नावं. भारतात टीव्ही 'बनवणारे' बहुतेकजण त्यांच्याकडूनच 'ओपन सेल' म्हणजे काचेचा पातळ भाग मागवतात आणि मागचा बॅकलाइट, बोर्ड, स्पीकर, कॅबिनेट इथे जोडतात. त्यामुळे १३ हजारांच्या आणि १८ हजारांच्या टीव्हीत एकाच कारखान्याची काच असू शकते.

पण टीव्ही बिघडतो तो बहुतेकदा काचेच्या मागे. बॅकलाइट म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर ओळीने बसवलेले एलईडी. ते एकामागे एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. पैसे वाचवायचे तर पट्ट्या कमी टाकतात आणि दुकानात उजेड पडावा म्हणून त्याच थोड्या एलईडीत जास्त करंट सोडतात. ते तापतात, वरची भिंगं पिवळी पडतात, आणि एक दिवस एकच एलईडी जातो. सिरीज असल्यामुळे पूर्ण ओळ बंद, आणि पुष्कळ बोर्ड अशा वेळी सगळाच बॅकलाइट बंद करतात. आवाज येतो, चित्र नाही. असं झालं तर खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनला अगदी जवळ, तिरका धरा. पुसट चित्र हलताना दिसलं तर काच शाबूत आहे, फक्त पट्ट्या बदलायच्या आहेत, आणि ते काम पॅनेल बदलण्याच्या तुलनेत फार स्वस्त आहे. हे न बघता "पॅनेल गेलंय" म्हणणाऱ्याकडे टीव्ही सोडू नका. टीव्ही चांगला चालत असेल तरी पिक्चर सेटिंगमध्ये बॅकलाइट १०० वर असतो, तो ६०-७० वर आणा. सोप्यात (बैठकीच्या खोलीत) बसून बघायला एवढा उजेड पुरतो आणि पट्ट्यांचं आयुष्य वाढतं.

आता 'पॅनेल एकच' हे वाक्यसुद्धा ९,९९९ च्या टीव्हीला लागू होत नाही. पॅनेलची प्रत लावतात. डाग असलेले, कडेने उजेड झिरपणारे, दुरुस्त करून पुन्हा चिकटवलेले पॅनेल स्वस्तात सुटतात आणि तेच अशा टीव्हीत जातात. नावाजलेल्या कंपन्यांचा ४३ इंची ४के सेलमध्येसुद्धा सोळा-सतरा हजारांच्या खाली क्वचित येतो. त्याहून सहा-सात हजार कमी घेऊन कुणी तेच देतो म्हणत असेल तर काहीतरी कमी केलेलं आहे, एवढं धरूनच चाला.

काय कमी केलंय ते दुकानात दहा मिनिटांत कळतं. खिशात मेजर टेप ठेवा. दिसणाऱ्या स्क्रीनचा कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घ्या, फ्रेम सोडून. ३२ इंचीला ८० सेंमी, ४३ इंचीला १०८ सेंमी भरलं पाहिजे. बिननावाच्या '४३'मध्ये पुष्कळदा ४० इंची पॅनेल निघतं आणि विकणारा म्हणतो फ्रेमसकट धरा. खोक्यावर '४के सपोर्टेड' लिहिलंय का बघा. त्याचा अर्थ ४के फाइल चालते एवढाच, काच १३६६ गुणिले ७६८ चीच असू शकते. खऱ्या ४केच्या कागदावर ३८४० गुणिले २१६० हा आकडा छापलेला असतो.

मग रिमोट हातात घ्या. त्यावर माउसचा बाण आणणारं बटण असेल, आणि यूट्यूब उघडल्यावर मोबाइलवरच्यासारखं उभं, बारीक अक्षरांचं पान दिसत असेल, तर ते टीव्हीसाठीचं अँड्रॉइड नाही. मोबाइलचं अँड्रॉइड टीव्हीवर चढवलेलं आहे. अशा टीव्हीवर नेटफ्लिक्सचं बटण असतं, पण चित्र ४८० च्या वर जात नाही, कारण एचडी दाखवायला जी सुरक्षेची पातळी लागते ती त्या बोर्डाला मिळालेलीच नसते. 'अबाउट'मध्ये लिहिलेलं अँड्रॉइड १३ आणि २ जीबी रॅमसुद्धा नुसतं छापलेलं असू शकतं, आत जुनं अँड्रॉइड आणि १ जीबी. प्ले स्टोअर उघडा, प्रोफाइलच्या चित्रावरून सेटिंग्जमध्ये जा, 'अबाउट'खाली प्ले प्रोटेक्टची ओळ बघा. मेनूची नावं टीव्हीनुसार थोडी इकडेतिकडे असतात, पण 'सर्टिफाइड' हा शब्द दिसलाच पाहिजे. वेबओएस, टायझन, विडा, फायर टीव्ही यांवर चालणाऱ्या टीव्हीत ही ओळ नसते आणि तिची गरजही नाही, त्या वेगळ्या पण अधिकृत सिस्टीम आहेत.

पाठीमागच्या स्टिकरवर बीआयएसचं चिन्ह आणि त्याखाली आर अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो. 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये तो टाका. कारखान्याचं आणि ब्रँडचं नाव येतं. खोक्यावरचा ब्रँड आणि ॲपमधला ब्रँड वेगळा निघाला तर नंबर उचललेला आहे. दुकानदार समोर उभा असतानाच बघा, त्यात लाजायचं काही नाही.

"कोल्हापूरहून आणा, कर्नाटकात टॅक्स जास्त"

ही व्हॅटच्या जमान्यातली आठवण आहे. १ जुलै २०१७ पासून देशभर जीएसटी आहे आणि टीव्हीचा दर कोल्हापुरात आणि बेळगावात सारखाच. आधी ३२ इंचांपर्यंत १८ टक्के आणि त्यावर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीलाही १८ टक्केच. कोल्हापूरच्या एखाद्या दुकानात हजार रुपये कमी सांगितले तर ती त्या दुकानदाराने सोडलेली सूट, टॅक्सचा त्यात काही संबंध नाही. तशी सूट बेळगावच्या गणपत गल्लीत, खडे बाजारातही मागितली तर मिळते.

निपाणीकराला कोल्हापूर जवळ पडतं, त्याने तिथे घेतला तर मी काही म्हणणार नाही. खानापूरकराने का जावं? जाण्यायेण्याचं भाडं धरा. त्यात टीव्ही गाडीत आडवा घातला की खड्ड्याखड्ड्याला पॅनेल वाकतं, आणि घरी आल्यावर चालू केला तर कोपऱ्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा. टीव्ही नेहमी उभाच न्यायचा, खोक्यावरचे बाण त्यासाठीच असतात. वाटेत फुटलेलं पॅनेल वॉरंटीत बसत नाही आणि नवं पॅनेल जवळपास टीव्हीच्याच किमतीत पडतं.

खरा प्रश्न दुकान कुठलं हा नाहीच, दुरुस्तीला माणूस कुठून येणार हा आहे. कंपनीच्या साइटवर किंवा कस्टमर केअरला आपला पिनकोड सांगून विचारा. बेळगाव शहराचा ५९०००१ चालतो म्हणून खानापूरचा ५९१३०२ चालेलच असं नाही, चिकोडीचा ५९१२०१ आणि निपाणीचा ५९१२३७ वेगळे तपासा. 'ऑन-साइट' म्हणजे घरी येणार, 'कॅरी-इन' म्हणजे टीव्ही तुम्ही उचलून न्यायचा. स्वस्त ऑनलाइन ब्रँड पुष्कळदा इथेच हात वर करतात. दोन हजार जास्त गेले तरी चालतील, पण ज्या कंपनीचा माणूस तालुक्यात येतो तिचाच टीव्ही घ्या.

"स्टॅबिलायझर नसेल तर वॉरंटी रद्द"

अशी अट वॉरंटी कार्डावर दाखवा म्हणावं. टीव्हीच्या पाठीमागे छापलेलं वाचा: बहुतेकांवर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असतं. आतला पॉवर सप्लाय कमी-जास्त व्होल्टेज स्वतःच सांभाळतो. संध्याकाळी पंप चालू झाले की गावात व्होल्टेज १६०-१७० वर येतं, तेव्हा पंखा रांगतो, फ्रिजला त्रास होतो, टीव्हीला काही होत नाही. छापलेला आकडा जर १६० च्या वरून सुरू होत असेल, तरच स्टॅबिलायझरचा विचार करा.

आपल्या भागात टीव्ही मरतात ते दोन कारणांनी आणि स्टॅबिलायझर दोन्हींना पुरा पडत नाही. पहिलं, वळवाच्या विजा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून आलं की टीव्हीचा प्लग काढा, नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही. सेटटॉप बॉक्सचा प्लग काढा आणि डिशची केबलही मागून सोडवा. लोक नेमके हे विसरतात. छतावरच्या डिशच्या तारेतून झटका आला की बॉक्समधून एचडीएमआयवाटे टीव्हीच्या मदरबोर्डात जातो, आणि प्लग काढलेला असूनही टीव्ही जातो. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची तार असेल तर तीही काढा.

दुसरं कारण न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार. खांबावरचा न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की घरात २३० ऐवजी ३०० च्या पुढे, कधी ४०० च्या जवळ व्होल्टेज येतं. दिवे एकदम लख्ख होतात, एका घरात जास्त आणि दुसऱ्या घरात मंद. असं दिसलं की आधी मेन स्विच पाडा, मग हेस्कॉमला (इकडची वीज कंपनी) फोन. यावर खरा उपाय म्हणजे मीटरजवळच्या बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. व्होल्टेज मर्यादेच्या वर गेलं की तो घराची लाइन तोडतो, आणि टीव्हीसोबत फ्रिज, मिक्सर, चार्जर सगळंच वाचतं. स्टॅबिलायझरचे पैसे वायरमनला बोलावून यात घाला. टीव्हीजवळ स्पाइक गार्ड लावायचा तर तीन पिनी, आणि त्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे ना ते टेस्टरवाल्याकडून बघून घ्या. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं दिसायला असतं. मग स्पाइक गार्ड निम्मंच काम करतो, आणि एचडीएमआयच्या धातूला बोट लागलं की झिणझिण्या येतात त्याही त्याच कारणाने जास्त जाणवतात. करंट जाऊन आला की लगेच टीव्ही लावू नका, दोन-चार मिनिटं जाऊ द्या.

"काच पुसायच्या लिक्विडने पुसा"

जुन्या डब्बा टीव्हीला समोर जाड काच होती, तिला हे चाललं. आताच्या टीव्हीच्या समोर प्लॅस्टिकची पोलरायझर फिल्म असते आणि तिच्यावर चकाकी कमी करणारा पातळ थर. अमोनिया किंवा स्पिरिट असलेल्या लिक्विडने तो थर ढगाळतो, वर्तमानपत्राच्या कागदाने ओरखडे पडतात. त्याहून वाईट म्हणजे फवारलेलं लिक्विड ओघळून खालच्या पट्टीच्या आत जातं. तिथे काचेला चिकटवलेल्या, केसाहून बारीक तारांच्या पातळ फिती असतात, प्रत्येक उभ्या रेषेचं चित्र त्यांतून येतं. ओल गेली की त्या गंजतात आणि स्क्रीनवर उभ्या रंगीत रेघा येतात. पहिल्यांदा एक, मग पाच, मग अर्धी स्क्रीन. कंपनीचा माणूस खालची पट्टी उघडून डाग बघतो आणि 'लिक्विड डॅमेज' लिहून वॉरंटी नाकारतो, आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं.

पुसायचा तर टीव्ही बंद करून पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. कोरडं मायक्रोफायबर कापड, हलका हात. स्वयंपाकघर सोप्याला लागून असेल तर फोडणीचा चिकटपणा बसतो, त्याला डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून घट्ट पिळलेलं कापड. पाणी कापडावर घ्यायचं, स्क्रीनवर कधीच नाही.

राहिले कॅमेरा आणि डोळे

या किमतीतल्या टीव्हीत कॅमेरा नसतोच. चिकटपट्टी लावतात ती रिमोटच्या सेन्सरवर, आणि मग रिमोट चालत नाही म्हणून मेकॅनिकला फोन. मात्र टीव्ही तुम्ही काय बघता याची नोंद घेऊ शकतो, हे नाइलाजाने मान्य करावं लागतं. अमेरिकेत विझिओ कंपनीला न विचारता अशी माहिती गोळा केल्याबद्दल २०१७ साली २२ लाख डॉलर भरावे लागले. सेटिंग्जच्या प्रायव्हसी भागात 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन' किंवा तशा नावाची परवानगी बंद करा.

डोळे टीव्हीने जात नाहीत, थकतात. ३२ इंची पाच-सहा फुटांवरून, ४३ इंची सहा-आठ फुटांवरून ठीक. मोठा न घेण्याचं खरं कारण वेगळं आहे: घरात केबलचे साधे, एचडी नसलेले चॅनेलच बघत असतील, तर ते चित्र ४३ इंची ४के वर ताणून बुरकट दिसतं आणि ३२ वर बरं दिसतं. आणि ओटीटी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवणार असाल तर हिशेब करा. नेटफ्लिक्सच्याच आकड्यांप्रमाणे एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४केला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. रोजच्या २ जीबीत एक भागसुद्धा धड होत नाही. जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे राउटर असेल तर वायफायही अडखळतं, तेव्हा लॅनचं भोक असलेलाच टीव्ही घ्या आणि तार ओढून घ्या.

आत्यासाठी, आणि तिच्या भिशीतल्या सगळ्यांसाठी. घरात केबल-डिशच जास्त बघत असाल आणि बजेट बारा-चौदा हजार असेल तर प्रमाणपत्रवाला ३२ इंची घ्या, दोन तरी एचडीएमआय असलेला, शक्य झालं तर १ जीबीपेक्षा जास्त रॅमचा. फायबर असेल, मुलं ओटीटी बघणार असतील, तर थांबून वीस-बावीस हजारांत ४३ इंची ४के घ्या. समोरून न बसता कडेला बसून बघणारे जास्त असतील तर दुकानात टीव्हीच्या अगदी बाजूला उभं राहून माणसांच्या चेहऱ्याचा रंग फिका पडतो का ते बघा, पडत असेल तर दुसरा दाखवा म्हणा. बिल जीएसटीचंच घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या आणि पाठीमागच्या स्टिकरशी जुळवा. खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, ब्रॅकेट कंपनीच्या माणसाकडूनच बसवून घ्या, कारण लांब स्क्रू मागून थेट पॅनेलला टोचतो. खोकं आणि थर्माकोल महिनाभर टाकू नका. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तिथे मराठीतही बोलता येतं.